दाब, धर, सोड

शर्यत नाही हो, ट्रॅक डे. कप मिळत नाही, नंबर येत नाही. पैसे भरायचे, आपली रोजची गाडी रेसिंगच्या ट्रॅकवर न्यायची आणि समोरून रिक्षा येणार नाही या एकाच खात्रीवर ती दामटायची. आमच्या पुण्याच्या टोळक्यानं कोइमतूरजवळचा करी मोटर स्पीडवे ठरवला. फॉर्म्युला वन जिथे २०११ ते २०१३ झाली ते नोएडाकडचं बुद्ध सर्किट पाच किलोमीटरहून लांब, करी जेमतेम २.१, मी हरवलो तरी लवकर सापडेन, असा मित्रांनी हिशेब केला असावा. कोइमतूर म्हणजे फॉर्म्युला वनमध्ये धावलेल्या नारायण कार्तिकेयनचं गाव, हे मी घरी कौतुकानं सांगितलं.

“मग त्यालाच जाऊ दे की,” ही म्हणाली.

रविवारी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये तयारी सुरू झाली. ट्रॅकवर गाडीत सुटी वस्तू चालत नाही. वळणावर एखादी बाटली घरंगळत ब्रेकखाली गेली की संपलंच. बाकीच्यांच्या डिकीतून स्टेपनी, जॅक आणि एखादा पाना निघाला. माझ्या डिकीतून मेहुणीच्या मंगळागौरीला नेलेली परात, दोन सतरंज्या, कुठल्याशा देवाचा नारळ आणि ज्याच्यावरून हिचं आणि वन्संचं बोलणं बंद झालं होतं ते पुरणयंत्र निघालं. गाडी बरीच हलकी झाली. घरातलं वातावरण नाही.

मग ब्रेक ऑइल. ते हवेतला ओलावा पितं. डॉट-४ प्रतीचं ताजं ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की हीच हमी १५५ वर येते. ट्रॅकवर ब्रेक तापले की आत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल नुसतंच खाली जातं. माझ्या गाडीतून निघालेलं ऑइल लग्नघरातल्या चौथ्यांदा उकळलेल्या चहासारखं होतं. ते बदलायला दोघं लागतात: एक चाकाशी आडवा पडून निपल उघडतो, दुसरा आत बसून पेडल दाबतो. आमच्यातल्या खऱ्या जाणकारानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मला पेडल दिलं. ‘दाब’ म्हटलं की दाबायचं, निपल बंद होईपर्यंत धरायचं, ‘सोड’ म्हटल्यावरच सोडायचं. मधेच सोडलं तर हवा आत शिरते आणि सगळं पहिल्यापासून. मी जीव मुठीत, म्हणजे पायात, धरून बसलो होतो, आणि शेवटच्या चाकाला, निपल उघडं असताना, वरच्या गॅलरीतून हिची हाक आली, “अहो, सोडा!”

मी सोडलं.

“खायचा सोडा! येताना घेऊन या!”

पुढचा तासभर पार्किंगमध्ये “दाब! धर! अरे, धर म्हटलं ना!” असा घोष चालला. तळमजल्यावरचे आजोबा “कुणाचा दाब वाढला?” म्हणत बीपीचं यंत्र घेऊन बाहेर आले. त्यांनी माझाच मोजला. वाढलेला होता.

राहिलं हेल्मेट. आता मी अस्सल पुणेकर, हेल्मेटसक्तीविरुद्ध वर्तमानपत्रांना पत्रं लिहिण्यात तारुण्य घालवलेला. स्कूटरवर जे कधी डोक्याला लागू दिलं नाही ते चारचाकीत बसून घालायचं आणि वर चष्म्याच्या काड्या त्यात कोंबायच्या! सवय व्हावी म्हणून मी ते घालूनच हवा भरायला निघालो. सिग्नलला डावी-उजवीकडे बोडके दुचाकीवाले आणि मधे गाडीत शिरस्त्राण घातलेला मी. ट्रॅफिक हवालदार थक्क होऊन जवळ आले. मी काच खाली केली आणि गाडी चालवताना सुरक्षितता किती महत्त्वाची, यावर सिग्नल हिरवा होऊन पुन्हा लाल होईपर्यंत बोललो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“खरंय साहेब,” मोबाइल काढून माझा फोटो घेत ते म्हणाले, “पण सीटबेल्ट कुठाय?”