उल्हास नदीविरुद्ध फिर्याद

मृत मनुष्याविषयी वाईट बोलू नये, हा शिष्टसंप्रदाय आपल्या समाजात सर्वमान्य आहे. परंतु ज्याच्याविषयी चांगले बोलू लागताच बोलणाऱ्यालाच हसू आवरत नाही, अशा मनुष्याच्या दुखवट्याला कोणत्या मुद्रेने बसावे, याची धर्मशास्त्राने काहीच तजवीज करून ठेवलेली नाही. आमचे धाकटे काका बदलापुरात मांजर्लीच्या राहत्या घरी निवर्तले, तेव्हा ही उणीव आम्हांस प्रकर्षाने जाणवली. समाचाराला येणारा प्रत्येक गृहस्थ उंबऱ्याशी चपला काढताना चेहरा यथोचित गंभीर करी, काकूंसमोर सतरंजीवर बसून दीर्घ निःश्वास टाकी, "फार वाईट झाले" एवढे तीन शब्द उच्चारी, आणि चौथ्या शब्दापाशी काकांची एखादी गोष्ट आठवून त्याचे खांदे हलू लागत. पाहणाऱ्यांस तो हुंदका वाटावा इतकी खबरदारी घेणे एवढेच मग त्याच्या हाती उरे.

काका मुंबईच्या एका सरकारी कचेरीत कारकून होते. बदलापूर ते बोरीबंदर हे 68 किलोमीटरांचे अंतर रोज उभ्याने जाऊन उभ्यानेच परत येणाऱ्या मनुष्याला कालांतराने एक तर वैराग्य प्राप्त होते किंवा विनोदबुद्धी. काकांनी दुसरा मार्ग पत्करला. दसऱ्याच्या सुमारास लोकलच्या डब्याला झेंडूची तोरणे बांधून पूजा करण्याची जी वहिवाट आपल्याकडे आहे, तिचे यजमानपद त्यांच्या डब्यात निवृत्तीपर्यंत त्यांच्याकडेच अबाधित राहिले, आणि आरती आटोपताच प्रत्येकाच्या तळहातावर पेढा ठेवीत, "ठाण्याच्या आत बसायला मिळो," असा आशीर्वाद ते देत. मोक्षाची अपेक्षा त्या गाडीत कोणी करीतच नसे. कचेरीतील मसुद्यांची भाषा तर त्यांच्या इतकी अंगवळणी पडली होती की, आमटीत मीठ कमी असल्याचे काकूंना कळवतानाही, "सदरहू आमटी फेरतपासणीसाठी परत पाठवण्यात येत आहे," असेच ते म्हणत, आणि काकू तो कागद, म्हणजे ती वाटी, शेरा न मारता दप्तरदाखल करीत.

या भाषेचे खरे सामर्थ्य आम्ही पाहिले ते 26 जुलै 2005 रोजी. सांताक्रूझच्या वेधशाळेने 944 मिलिमीटर पावसाची नोंद केली तो हा दिवस. त्याच पावसाने उल्हास नदी आपले पात्र सोडून बदलापूरच्या सखल वस्त्यांत शिरली आणि आमच्या तळमजल्याच्या बिऱ्हाडांना वरच्या मजल्यावरील शेजाऱ्यांचा आश्रय घ्यावा लागला. काकांनी सर्वांत आधी कॅरम वर नेला. तांदूळ सरकार देईल, स्ट्रायकर देणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. वीज गेलेली, बाहेर पाण्याचा घोर शब्द चाललेला, एकेका खोलीत चार-चार कुटुंबे दाटलेली आणि मुले भीतीने रडत असलेली, अशा त्या समयी काकांनी कोणाची तरी शाळेची वही मागून घेतली आणि मेणबत्तीच्या उजेडात, प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचून दाखवीत, नदीविरुद्ध फिर्याद लिहावयास आरंभ केला: "प्रतिवादी उल्हास नदी, मूळ वस्ती राजमाचीचा डोंगर, हल्ली मुक्काम फिर्यादीचे स्वयंपाकघर, हिने आज रोजी विनापरवाना घरात प्रवेश करून फिर्यादीचा पलंग, तांदळाची कोठी व सासुरवाडीहून मिळालेले घड्याळ यांचा अपहार केला, पैकी घड्याळाबाबत फिर्यादीची काही तक्रार नाही. पत्नीने वेळोवेळी दिलेले सल्ले मात्र तपासाअंती जागच्या जागी सुखरूप आढळले." मग एकेका मुलाला पुढे बोलावून त्याची साक्षीदार म्हणून जबानी घेण्यात आली. एका चिमुरडीने नदीला आपण ओळखत असल्याचे शपथेवर सांगितले. पहाटे पाणी उतरू लागले, तेव्हा खटला रंगात आला होता आणि तो तहकूब होऊ नये असाच साक्षीदारांचा हट्ट होता.

त्या रात्री घरातून आणखी एक वस्तू वाहून गेली होती: आमच्या आजीची एकुलती एक तसबीर. फिर्यादीत तिचा उल्लेख नव्हता. ही गोष्ट पुष्कळ महिन्यांनी काकूंनी आम्हांस सांगितली, आणि तेव्हापासून काका एखादे दुःख हसण्यावारी नेऊ लागले म्हणजे त्यांनी यादीतून काय वगळले असेल, याचा मी मनोमन शोध घेऊ लागलो. थट्टेखोर माणसे उथळ असतात, असे गंभीर माणसांनी स्वतःच्या सोयीसाठी पसरवलेले मत आहे. काकांची थट्टा ही हिशेबाने केलेली वाटणी होती. सर्वांना वाटता येईल तेवढेच ते चव्हाट्यावर आणीत, आणि जे वाटता येत नाही ते निमूटपणे स्वतःच्या नावे मांडून ठेवीत.

नदीशी त्यांचा दावा पुढेही चालूच राहिला. 27 जुलै 2019 रोजी मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान पुराने वेढली गेली आणि हजाराहून अधिक उतारूंना सुखरूप बाहेर काढावे लागले. सर्वजण वाचल्याची खात्री होईपर्यंत काका अवाक्षर बोलले नाहीत, आणि ती होताच, "अंबाबाईच्या दर्शनाला निघालेल्यांना प्रतिवादीने परस्पर तीर्थस्नान घातले, हे कलम वाढवा," असे त्यांनी फर्मावले. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा तर त्यांनी स्वतःसाठीही तसाच अर्ज तयार केला: मांजर्लीबाहेर तग धरत नाही, संगतीत येणाऱ्याची जीभ रंगवतो, मधुमेह्यांनाही चालतो.

दहाव्या दिवशी आम्ही त्याच प्रतिवादीच्या काठी जमलो. पिंड मांडून झाले, पण कावळा शिवेना. मुलाने आईला अंतर न देण्याचे वचन दिले, मुलीने माहेर न तोडण्याचे दिले, मी ती वही जपून ठेवीन असे सांगितले. कावळा फांदीवर बसून हे सारे अर्ज नामंजूर करीत राहिला. भटजी अस्वस्थ झाले, कारण त्यांना पुढे दुसरे काम होते. अखेर, आग्रहाने सोबत आलेल्या काकू पुढे झाल्या आणि जन्मभराच्या सवयीने म्हणाल्या, "अहो, पुरे झाली थट्टा. लोक ताटकळलेत." कावळा तत्क्षणी खाली उतरला. काकूंच्या हुकमाची इतकी तातडीची अंमलबजावणी त्या घरात प्रथमच झाली होती, आणि घाटावर जमलेली सारी मंडळी, भटजींसह, मोकळेपणाने हसली.

घरात विनोदी मनुष्य असला म्हणजे त्याला हसण्याचे काम घरची माणसे पाहुण्यांवर सोपवतात आणि स्वतः, "हे ऐकलेय आम्ही," असे म्हणून भाताकडे वळतात. वाचकांपैकी ज्यांच्याकडे असा कोणी हयात असेल, त्यांनी आज रात्रीच्या जेवणात त्याची शंभरदा ऐकलेली गोष्ट शेवट ठाऊक असतानाही शेवटपर्यंत ऐकावी आणि चांगले मोठ्याने हसावे. ही बाकी त्याच्या हयातीतच चुकती करावी लागते. ती वारसांकडे भरता येत नाही.