घटना क्रमांक ४१

लेखन ऐन भरात असताना लॅपटॉपने पूर्वसूचनेवाचून डोळे मिटावेत आणि जणू काही घडलेच नाही अशा निरागस मुद्रेने ते पुन्हा उघडावेत, या प्रकाराची रीतसर चौकशी करू इच्छिणाऱ्या जिज्ञासूस विंडोजच्या दप्तरात, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, 'कर्नल-पॉवर, ४१' अशी नोंद सापडते. तिचा मजकूर असा, की यंत्र आधी नीट बंद न होताच पुन्हा सुरू झाले. मयत इसम मृतावस्थेत आढळला, असा हा पंचनामा! कारणाच्या रकान्यात यंत्र गोठले असेल, कोसळले असेल वा वीज गेली असेल, असे तिन्ही पक्ष दरबारी निःपक्षपातीपणाने नमूद असतात. याहून मोठे चातुर्य 'आपोआप पुन्हा सुरू करा' या कलमात आहे: संकटसमयी पडद्यावर उमटणारा दोषांक वाचून होण्यापूर्वीच तो पुसून टाकण्याची ही तजवीज मुळातच मंजूर होऊन आलेली असते, आणि ती रद्द करण्याची जागा ग्राहकाने धुंडाळावयाची असते. दुरुस्तीचे तज्ज्ञ तर दप्तर न चाळताच सगळी प्रणाली नव्याने भरण्याचा हुकूम सोडतात. वस्तुतः पंख्यात धूळ साचली, प्रोसेसरवरील पेस्ट वाळली, की तो प्रमाणाबाहेर तापून आत्मरक्षणार्थ स्वतःच यंत्र बंद पाडतो. बॅटरी जीर्ण असेल किंवा रॅम सैल बसली असेल, तरी परिणाम जवळपास तोच. तेव्हा वाचकहो, प्रणालीस फाशी देण्यापूर्वी यंत्र गादीवरून उचलून टेबलावर ठेवा आणि पंख्यातली धूळ तेवढी काढून घ्या.