गालापागोसमधले साहसी जोडपे

इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून सुमारे 1000 किलोमीटर पश्चिमेला, पॅसिफिक महासागरात गालापागोस द्वीपसमूह आहे. 1835 मध्ये डार्विन इथे पाच आठवडे होता. साहसी जोडप्याला एक आठवडा पुरतो. ऑगस्ट 2024 पासून बहुतेक परदेशी प्रौढांना इथल्या राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशशुल्क 200 डॉलर पडते. साहस अर्थातच वेळापत्रकानुसार. बहुतेक ठिकाणी अधिकृत वाटाड्याशिवाय उतरता येत नाही, आखलेली पायवाट सोडता येत नाही आणि प्राण्यांपासून दोन मीटर अंतर राखावे लागते. हा शेवटचा नियम प्राण्यांना कोणी सांगितलेला नाही. समुद्रसिंह बाकावर आडवा होतो, जोडपे उभे राहते. समुद्री इग्वाना नाकातून खारट फवारा सोडतो. हे स्वागत नव्हे, अंगातले जादा मीठ बाहेर टाकण्याची सोय. निळ्या पायांचा बूबी नर एकेक पाय उचलून मादीपुढे नाचतो, तेव्हा बायको नवऱ्याकडे पाहते आणि नवरा कॅमेऱ्याच्या बॅटरीकडे. महाकाय कासवे अन्नपाण्याविना महिनोन्‌महिने जगत, म्हणून जुने खलाशी त्यांना जिवंत शिदोरी समजून जहाजात रचून ठेवत. डार्विनच्या जहाजावरही त्यांचे मांस शिजले. आता तीच कासवे पाहायला माणसे अर्धी पृथ्वी ओलांडून येतात. त्यांच्या संथपणाबद्दल कोणाची तक्रार नसते. तक्रार असते ती बोटीवरच्या इंटरनेटच्या संथपणाबद्दल.