पाठमोरे मामाजी

गोंदियात पाहुणा म्हणून उतरणं सोपं आहे. हावडा-मुंबई लाईनीवरचं जंक्शन, गाड्या भरपूर. अवघड आहे ते पाहुणा म्हणून राहणं. कारण तिथल्या प्रत्येक मोठ्या गोतावळ्यात एक मामाजी असतात, आणि पाहुणा आपल्या मुक्कामाचा मालक नसतो. मालक मामाजी असतात.

आमच्या वाट्याला आलेले मामाजी माझ्या बायकोचे सख्खे मामा. रेल्वेत गार्ड होते. २०२२ साली रेल्वेने ‘गार्ड’चं नाव बदलून ‘ट्रेन मॅनेजर’ केलं, तेव्हा ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. तरी त्यांना राग आला. “मॅनेजरचंच काम करत होतो नाजी आम्ही! तेव्हा कोनी म्हटलं नाही.” निवृत्तीबरोबर झेंडी गेली, शिट्टी मात्र त्यांनी स्वतःची विकत घेतली. आणि डब्यांच्या जागी पाहुणे आले.

मी पुण्याचा. जावई म्हणून पहिल्यांदा गेलो तेव्हा स्टेशनवरच त्यांनी हातात कागद ठेवला. ‘५.१० चहा. ५.२० आंघोळ, जवाईबापू. ५.३० आंघोळ, ताई. ५.४५ प्रस्थान.’ खाली दुसऱ्या दिवशीच्या पानावर होतं : ‘११.१५ हाजरा फॉल. ११.१५ ते ११.२० आश्चर्य.’

“आश्चर्याला पाचच मिनिटं?” मी विचारलं.

“पुरते,” मामाजी म्हणाले. “मुंबईवाल्यांना तीन लागतात.”

त्यांची खरी अडचण वेगळीच होती. गोंदिया जिल्ह्यात काहीही एका वेळी होत नाही. हाजरा फॉल बघावा पावसाळ्यात, तर पावसाळ्यात नागझिऱ्याची सफारी बंद. नवेगावबांधला दूरदेशीची पाखरं येतात हिवाळ्यात. कचारगडच्या गुहांपाशी गोंड समाजाची मोठी जत्रा भरते माघ पौर्णिमेला. आणि पाणवठ्यावर वाघ दिसायचा तर भर उन्हाळ्यात, म्हणजे ज्या दिवसांत जावयाला घराबाहेर काढणं हा सदोष मनुष्यवध ठरावा. थोडक्यात, पाहुण्याने वर्षभर राहायला हवं. मामाजींची याला हरकत नव्हती. माझ्या कंपनीची होती. मग मी वर्षाआड, ऋतू बदलून जात राहिलो आणि मामाजी वहीत माझ्या नावापुढे बरोबरची खूण करत राहिले.

थंडीतला नवेगावबांध मला आठवतो. कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकात बांधलेला हा तलाव, भोवती टेकड्या. त्यांना ‘सात बहिणी’ म्हणतात. मामाजी म्हणाले, “मोजून घ्या.” मी मोजल्या, सहा भरल्या. “तुम्हाला सहा दिसल्या म्हणून आकडा बदलत नाही,” असा चेहरा करून मामाजी जीपच्या बॉनेटवर बसले. गार्ड डबे मोजल्याशिवाय हिरवी झेंडी दाखवत नाही. सातवी बहीण धुक्यातून बाहेर येईपर्यंत आम्ही शिंगाडे खात बसलो आणि जीप जागची हलली नाही.

मग परसवाड्याचे सारस. महाराष्ट्रात सारस बघायचा तर गोंदियालाच यावं लागतं, ही मामाजींची एकमेव फुशारकी, आणि ती बहुतांशी खरी आहे. वेळापत्रकात सारस ६.४५ ला होते. माणसाएवढ्या उंचीची ती जोडी धानाच्या बांधीत उतरली ७.१० ला. लाल मान, राखाडी अंग, पाय असे टाकत होते की जणू चिखलाला लागू नये. आमचा श्वास अडकला होता. मामाजींनी वहीत लिहिलं : ‘२५ मिनिटं लेट.’

“असू द्या,” मामी म्हणाल्या. “तुम्ही छत्तीस वर्षांत कवा टायमावर घरी आले?”

हे सगळं मी हसून सोसत होतो. हाजरा फॉलला मात्र एक गोष्ट ध्यानात आली. दरेकसा स्टेशनपासून जवळच, हिरव्या डोंगरातून पाणी कोसळत होतं. आम्ही सगळे धबधब्याकडे तोंड करून उभे. मामाजी धबधब्याकडे पाठ करून, आमच्याकडे तोंड करून.

“कसं वाटलं?” त्यांनी ओरडून विचारलं. पाण्याच्या आवाजात दोनदा विचारावं लागलं. मी मान डोलवली. त्यांनी एकेक चेहरा तपासला, समाधान झालं, घड्याळ पाहिलं, शिट्टी मारली. पाच मिनिटं संपली होती. मी आठवून पाहिलं : तलाव असो, सारस असो, मामाजी कायम असेच, पाठमोरे. पाहुण्यांना दिसायचा तो निसर्ग, आणि मामाजींना दिसायचे ते पाहुणे.

पुढे भाचेमंडळींनी वर्गणी काढून मामा-मामींना मॉरिशसला न्यायचं ठरवलं. कार्यक्रम सहल कंपनीचा. मामाजींनी तो लाल शाईने तपासला. “बेट दोन हजार चौरस किलोमीटरचं, आपला जिल्हा पाच हजारांच्या वर. आठ तालुके मी तीन दिवसांत दाखवतो, यांना सात दिवस काहून लागतात?”

विमानात मी जरा विद्वत्ता पाजळली. म्हटलं, मॉरिशस ज्वालामुखीतून वर आलेलं बेट आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्त जागेने आपल्या सह्याद्रीचा लाव्हा ओतला, तिनेच पुढे मॉरिशस घडवलं, असं भूगर्भशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे बेट नात्यातलंच!

मामाजींनी शांतपणे ऐकून घेतलं. “आमच्या सालेकसाकडच्या डोंगरात ज्वालामुखीचा खडक आहे. दोनशे कोटी वर्षांच्या वरचा. एक प्राध्यापक ब्रेकव्हॅनमध्ये माझ्यासोबत बसले होते, त्यांनी सांगितलं. तुमचा सह्याद्री म्हणजे, जवाईबापू, नवीन बांधकाम.”

गंगा तलाव हे ज्वालामुखीच्या विवरात साठलेलं पाणी. काठावर १०८ फुटांचे महादेव उभे. मामाजींनी हात जोडले आणि पाण्याकडे एक ओझरती नजर टाकली. “एवढा तलाव, अन् शिंगाडा नाही?” मग पाठ फिरवून आमच्याकडे : “कसं वाटलं?”

शेवटी शामारेल. लाव्हाचा खडक कुजून झालेली सात रंगांची माती, लहान लहान टेकड्यांवर पसरलेली : तांबडी, तपकिरी, जांभळी. वाटाड्याने वीस मिनिटं दिली होती. मामाजी कठड्याला पाठ टेकून उभे राहिले, आमचे चेहरे मोजू लागले, “कसं...” एवढंच म्हणाले, तोच मामींनी त्यांचे दोन्ही खांदे धरले आणि लोखंडी कपाट फिरवावं तसं त्यांना गर्रकन फिरवलं.

मामाजी गप्प झाले. बराच वेळ झाला. मग बोट हवेत धरून त्यांनी मोजायला सुरुवात केली.

“सहाच भरतात,” ते हळूच म्हणाले. पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले.

खाली बसचा हॉर्न वाजला. वाटाड्या घड्याळ दाखवत धावत आला. मी मामाजींच्या खांद्याला हात लावला, तर त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

“थांबते गाडी,” ते म्हणाले. “गार्ड अजून खालीच आहे.”