१६५चा कूलर, १६०चं कॅबिनेट

काय वहिनी, आज कपडे वाळत घालायला एवढा उशीर? घाला, घाला. या उत्तरेच्या वाऱ्यात अर्ध्या तासात कडकडीत होतील. बरं झालं दिसलात. मीच सांगितलेलं बरं, नाही तर रविवारच्या हळदीकुंकवात तुम्हाला भलतंच ऐकायला मिळेल, की आमच्याकडे कॉम्प्युटर जळला. जळलाबिळला काही नाही. तापला होता नुसता.

अहो, चिरंजिवांनी सुट्टीत स्वतः जोडला ना! सुपरमार्केटात रात्री माल लावून साठवलेले पैसे, त्यामुळे आम्हाला बोलायची सोय नाही. प्रोसेसर घेतला रायझन ७ ७७००एक्स आणि त्याच्यावर बसवायला नॉक्टुआचा एनएच-डी१५ कूलर. बघितलाय कधी? पातळ पातळ पत्र्यांचे दोन मनोरे, मधून नळ्या आणि दोन मोठे पंखे. वजन सव्वा किलोच्या वर. उंची १६५ मिलिमीटर. कॅबिनेट मात्र दिसायला देखणं हवं, म्हणून पुढूनही काच आणि बाजूनेही काच असलेलं. त्यात कूलरसाठी जागा किती? १६० मिलिमीटर.

पाच मिलिमीटरसाठी घरात दोन दिवस धुसफूस! बाजूची काच लागेना. आमचे हे म्हणतात, थोडी दाबून बसव. टेम्पर्ड काच हो ती, नुसता तडा जाऊन थांबत नाही. कडेवर ताण आला की सगळीच्या सगळी बारीक खडे होऊन खाली येते. म्हटलं, दाबायचीच असेल तर गराजमध्ये जाऊन दाबा, माझ्या कार्पेटवर नको.

त्यात रॅमच्या पट्ट्या आणलेल्या दिव्यांच्या, उंच. पट्टी ३२ मिलिमीटरच्या वर गेली की त्या कूलरचा पुढचा पंखा वर सरकवावा लागतो, म्हणजे उंची आणखी वाढली. सगळं कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेलं आहे, पण वाचतंय कोण? दिव्यांचा रंग ठरवायला मात्र बापलेक रात्री बारापर्यंत जागे.

कूलर परत द्यायला गेले, तर दुकानदार नाही म्हणाला. त्याचंही बरोबरच आहे म्हणा. वस्तू बिघडलेली निघाली तर इथला, ऑस्ट्रेलियातला ग्राहक कायदा आपल्या बाजूने असतो, पण आपणच चुकीच्या मापाची उचलली तर ती परत घ्यायची सक्ती दुकानावर नाही. शेवटी गमट्रीवर, त्या जुन्या वस्तू विकायच्या साइटवर टाकला. फुट्सक्रेचा एक विद्यार्थी येऊन घेऊन गेला, आपल्याला थोडी खोट खाऊन. मग त्याच कंपनीचा धाकटा आणला, एनएच-यू१२एस. १५८ मिलिमीटर, एक पंखा. बसला! काच लागली. वर दोन मिलिमीटर शिल्लक.

मग तापला कसा? तेच तर सांगतेय. गेम सुरू केला की थोड्याच वेळात तापमानाचा आकडा ९५ अंशांवर. हे प्रोसेसर ९५ला पोचले की आपणच वेग कमी करतात, त्यामुळे जळत नाहीत. रविवारी कुणी विचारलं तर एवढं सांगाच. पण पंख्यांचा आवाज असा, की मला वाटलं गराजमध्ये कुणी गवत कापायचं यंत्र सुरू केलं. बाजूची काच काढली की आकडा उतरायचा. म्हणून चिरंजिवांनी काच काढूनच ठेवली आणि शेजारी टेबल फॅन लावला. ज्या काचेसाठी एवढा खटाटोप, ती पलंगाखाली!

पॉइंट कुकच्या त्या मुलाचं ऐकलंत ना? त्याने तर कूलरच्या बुडाची प्लॅस्टिकची पातळ फिल्म काढलीच नव्हती. वरती ‘काढा’ असं लिहिलेलं असतं हो! आमच्याकडे निदान तेवढं तरी नव्हतं.

तर तेवढ्यात मागचे काका आले. ते हो, नागपूरचे, लेकीकडे आलेत. वाऱ्याने आमच्या मधल्या कुंपणाची फळी निघाली होती, ती ठोकायला. इथे कुंपणाचा खर्च दोन्ही घरांनी निम्मा निम्मा सोसायचा, व्हिक्टोरियात १९६८पासून कायदाच आहे. पण काकांनी खिळेही स्वतःचे आणले. आवाज ऐकून आत डोकावले. “काहून ओरडून राहिला जी हा एवढा?” मी म्हटलं, तुम्हीच बघा. थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “ताई, उदबत्ती आणा.”

मला वाटलं, आता पूजा घालतात की काय! पेटवलेली उदबत्ती त्यांनी कॅबिनेटच्या मागच्या जाळीशी धरली. तिथून धूर बाहेर फेकला जायला हवा की नाही? तो चक्क आत ओढला जात होता. मागचा पंखा उलटा! कूलरचा पंखा गरम हवा मागे ढकलतोय आणि मागचा पंखा बाहेरची हवा आत ढकलतोय. दोघांची मधेच टक्कर. मग उदबत्ती पुढच्या काचेसमोर धरली, तर धूर सरळ वर. काचेमागे तीन पंखे दिवे लावून गरगरताहेत आणि हवा यायला कडेला बोटभर फट.

काका म्हणाले, “पोट्ट्या, आमच्याकडं कूलर खिडकीत लावतो अन् समोरचं दार उघडं ठेवतो. दार लावलं तर नुसता ओलावा होते घरात. हवेले जायले वाट पाह्यजे ना बाप्पा!” आपल्या टार्नीटच्या घरांच्या छपरावर तरी दुसरं काय आहे? एव्हॅपोरेटिव्ह म्हटलं की साहेबी वाटतं एवढंच. तो चालू असताना खिडक्या थोड्या उघड्या ठेवायच्या असतात. समोरचे सगळं गच्च बंद करून बसतात आणि म्हणतात घर दमट झालं. माझं नाव सांगू नका हं.

पंखा उलटा का लागला? तर पुढचे तीन देखणी बाजू बाहेर करून लावले, तसाच मागचाही लावला. मोटर धरणाऱ्या दांड्या ज्या बाजूला असतात त्या बाजूने हवा बाहेर पडते, काहींच्या कडेवर बाणही असतो. चार स्क्रू काढून फिरवला. पुढची काच कायमची काढली. शनिवारी काका आणि हे बनिंग्सच्या हार्डवेअर दुकानात जाऊन माशांच्या जाळीचा तुकडा घेऊन आले. तिथल्या सॉसेजच्या स्टॉलवर सॉसेज वगळून नुसता कांदा-पाव खाऊन काका खूष! जाळी पुढे लावली, आता धूळही अडते. शिवाय वीज पुरवणाऱ्या डब्याचा, त्या एसएमपीएसचा पंखा खालून हवा घेतो आणि त्याचं तोंड कार्पेटमध्ये रुतलेलं. कॅबिनेटखाली मी पाट दिला. हळदीकुंकवाला तुमच्याकडचा एखादा पाट लागेल मला.

आता बाजूची काच लावून आकडा ७५च्या आसपास असतो. गेल्या आठवड्यात बाहेर ४१ झालं तेव्हा चढला, पण त्याला इलाज नाही. खोलीतली हवाच तापली तर कूलर बिचारा तीच फिरवणार. खोलीपेक्षा थंड तो करू शकत नाही. मागे ७ फेब्रुवारी २००९ला इथे मेलबर्नला ४६.४ झालं होतं म्हणे. तसा दिवस आला तर मशीन बंद, हे मी आधीच सांगून ठेवलंय.

तुमच्या धाकट्यालाही जोडायचाय ना? मग कॅबिनेट बघायच्या आधी कूलरची आणि रॅमची उंची कागदावर लिहून काढायला सांगा आणि पुढे काच नको, जाळीचंच घ्या. काका मार्चअखेर नागपूरला परत जाताहेत, घरचे कूलर काढायची वेळ होते म्हणे. तेव्हा काय ते त्याच्या आत उरका.