वाटेला रेशनकार्ड नाही

नवी मुंबईतल्या पावण्यात अनधिकृत असायलाही वशिला लागतो. झोपडीला संरक्षणासाठी १ जानेवारी २००० ही तारीख मिळाली. गावठाणालगतच्या गरजेपोटी बांधलेल्या घरांसाठी शासन निर्णयांवर शासन निर्णय निघाले. पारसिकच्या डोंगरातल्या सायकलवाटेला ना तारीख, ना निर्णय. तिच्याकडे रेशनकार्ड नाही, मतही नाही.

एमआयडीसीतल्या टँकरांच्या रांगा ओलांडून पायथ्याशी या. केमिकलचा वास जरा मागे पडतो तिथे मुरुमात हँडलभर रुंदीची वाट वर गेलेली दिसते, तिच्यावर गाठीदार टायरांची नक्षी. बांधलेलं काहीच नाही, म्हणून पाडायची नोटीस नाही. नोंद कुठेच नाही, म्हणून बंद करताना हरकती-सूचनांचं लचांडही नाही. एक जेसीबी, एक दुपार, विषय संपला. कारखान्यांची जमीन एमआयडीसीची, रान वनखात्याचं, मतदार महापालिकेचे. दाद कुणाकडे मागायची विचारलंत तर तिघंही दुसऱ्याकडे बोट दाखवतील. हाच डोंगर पोखरणाऱ्या खाणवाल्यांना मात्र नेमकं टेबल सापडलं होतं.

कुणी म्हणेल, वाटेच्या तोंडाशी शेंदूर फासलेला दगड ठेवा. इथे तोही तोडगा चालत नाही. पावण्यात एमआयडीसीच्या भूखंडावरचं बावखळेश्वर मंदिर २०१८ साली कोर्टाच्या आदेशाने पाडलं गेलं.

सायकलवाल्यांचा तोडगा त्याहून भारी: गुपचूप. पहाटे जायचं, नकाशा टाकायचा नाही, नव्या पोराला पत्ता सांगायचा नाही. ‘कळलं तर बंद करतील ना!’ याउलट १९३२ साली इंग्लंडात मँचेस्टरकडचे कामगार तरुण किंडर स्काउटच्या खासगी डोंगरावर घुसले ते दिवसाढवळ्या, आगाऊ बोभाटा करून. पाच जण तुरुंगात गेले आणि वाटांचा प्रश्न देशभर गाजला.

आपला १८८२ चा सुविधाधिकार कायदाही लपतछपत केलेली वहिवाट मोजत नाही. सरकारी जमिनीवरून वाट हवी तर तीस वर्षांची वहिवाट दाखवा, तीही उघड. शिवाय तो हक्क जमिनीला चिकटलेला असतो. कोपरखैरण्याच्या सातव्या मजल्यावरच्या वन बीएचकेच्या जोरावर डोंगर मागता येत नाही. मात्र त्याच कायद्यात गावच्या रूढीला जागा आहे, आणि तिथलं उदाहरण आहे गुरं चारण्याचं! म्हणजे लाखाची सायकल घेऊन तुम्ही जी वाट उतरता, तिचा दावा टिकलाच तर गुरांमागे तो डोंगर चढलेल्या गावच्या आगरी आजीच्या शब्दावर टिकेल. आजी साक्ष देईलही. तोवर ती समोरून आली तर ब्रेक दाबा.