डेसिबल भाऊजी

हा माणूस तुमच्याही नात्यात आहे. नाव वेगळं असेल, गाव वेगळं असेल, पण आहे. आपण एखादी वस्तू घ्यायचं नुसतं मनात आणावं, की त्याला कुठून कोण जाणे सुगावा लागतो आणि संध्याकाळी दारात चपला काढता काढता तो विचारतो, "मग? काय ठरलं?" फ्रीज घ्यायचा तर हा लिटर विचारतो, गादी घ्यायची तर घनता, पंखा घ्यायचा तर वॉट. आपण रंग सांगतो. त्यावर तो ज्या नजरेनं बघतो, ती नजर लग्न होऊन या घरात आल्यापासून मी झेलते आहे.

आमच्याकडचा नमुना म्हणजे वन्संचे यजमान. चिंचवडच्या एका कारखान्यात टेस्टिंग विभागात त्यांची नोकरी झाली. ते निवृत्त झाले, त्यांच्यातलं टेस्टिंग झालं नाही. भांडी घासायचं यंत्र घ्यावं म्हणते, असं मी एका रविवारी जेवताना नवऱ्याला म्हटलं. नवऱ्यानं ऐकलं नाही. भाऊजींनी ऐकलं.

"किती डेसिबलचं?"

"चौदाचं," मी म्हटलं. कुठल्याशा जाहिरातीत 14 वाचलं होतं.

"ते सेटिंग झाले, वहिनी. चौदा जणांची पानं. तीसुद्धा युरोपातली, बशी-काटा-चमच्याची. आपल्या कढया-पातेल्यांना ती मोजणी लागू नाही. मी आवाजाचं विचारतोय."

त्या दिवशी आमच्या घरात डेसिबल शिरला तो शिरलाच. बारसं असो, साखरपुडा असो, भाऊजी पंगतीत शेजारच्याला धरून बसत. "44 आणि 54 मधला फरक दहाचा नाही हो, दहापटीचा आहे! कानाला साधारण दुप्पट वाटतो, पण कानाचं काय घेऊन बसलात?" शेजारचा जिलबी हातात धरून मान डोलवी. "आणि 50 ची दोन यंत्रं एकदम लावली तर 100 होत नाहीत. 53 होतात." हा नियम त्यांनी संसारालाही लावून ठेवला आहे. "नवरा-बायको दोघंही एकदम 60 नं बोलले, तरी बेरीज 63 च. म्हणून भांडायचं तर दोघांनी एकदम भांडावं. आळीपाळीनं भांडण्यात नुसता वेळ जातो."

त्यांच्या मोबाइलवर आवाज मोजायचं अ‍ॅप आहे. आमचा मिक्सर 86, कुकरची शिट्टी 81, सासूबाईंचा फोनवरचा 'हॅलो' 78. "फोनचा माइक काही कॅलिब्रेट केलेला नसतो, दोन-चार इकडेतिकडे धरायचे," असं नम्रपणे सांगून ते आकडा दशांशासकट वहीत उतरवतात. कायदा त्यांना तोंडपाठ. निवासी भागात दिवसा 55, रात्री दहा ते सकाळी सहा 45. "म्हणजे 44 चं यंत्र रात्री कायदेशीर. तुमचा मिक्सर चोवीस तास बेकायदा." अशा माणसाला देवानं पुण्यात जन्माला घातलं आणि लक्ष्मी रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर घर दिलं. विसर्जनाच्या मिरवणुकीत ते ढोलपथकासमोर मोबाइल धरून उभे राहतात. आरती कुणी म्हणत असलं, तर ते नाहीत.

यंत्र बघायला आम्ही कर्वे रस्त्यावरच्या एका दुकानात गेलो. मला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की आत कुकर मावतो का. विक्रेता मुलगा उत्साही होता. "एकदम सायलेंट, सर. चालू आहे की बंद, कळतच नाही!"

"बंद आहे म्हणून कळत नाही," भाऊजी म्हणाले. "चालू करा."

"इथे पाण्याचं कनेक्शन नाही, सर."

"म्हणजे तुम्ही स्वतः हे ऐकलेलं नाही."

मुलगा पत्रक पुढे करू लागला. पत्रकावरचा आकडा म्हणजे यंत्रानं बाहेर टाकलेला एकूण आवाज, तुमच्या कानाशी येतो तो निराळा, हे भाऊजींनी त्यालाच समजावलं. मग ते गुडघ्यावर बसले आणि एकेका यंत्राच्या बाजूच्या पत्र्यावर टिचक्या मारू लागले. पत्र्याला आतून डांबराची चादर चिकटवलेली असली की 'ठप्' असा बसका आवाज येतो, नसली की 'टण्'. ठप्, ठप्, टण्, ठप्. अर्धं दुकान भोवती जमलं. एक जोडपं टीव्ही घ्यायला आलं होतं, ते टीव्हीला टिचक्या मारायला लागलं. शेवटी मुलानं हुकमाचं पान काढलं. फर्निचरच्या आत बसवायच्या एका यंत्राचा लाल ठिपका जमिनीवर पडतो. आवाजच येत नाही, तेव्हा ते चालू आहे हे कळायला दुसरा उपाय नाही. भाऊजींचा गळा दाटून आला. कन्यादानालाही आला नव्हता इतका.

कुकरचं मीच विचारलं. स्टीलचा चालेल, शिट्टी आणि रिंग काढून. अ‍ॅल्युमिनियमचा काळा पडेल. बिडाचा तवा, लोखंडी कढई, पितळी पातेली, पोळपाट-लाटणं, यांतलं काही टाकायचं नाही. घरी येऊन ही यादी मी मावशींना वाचून दाखवली. गेली कित्येक वर्षं आमची भांडी त्यांच्याच हातची. त्या शांतपणे ऐकून म्हणाल्या, "म्हणजे खरकटं आपण काढायचं, आत आपण लावायची, बाहेर आपण काढायची, कढई-तवा हातानंच घासायचा. मग ताई, ह्यो करतो काय?"

याचं उत्तर पत्रकात नव्हतं. पण 2020 च्या टाळेबंदीत मावशींना सोसायटीचं फाटक बंद झालं, तेव्हा घरोघरच्या साहेबांना एकदम या यंत्राची महती पटली आणि खप वाढला, एवढं खरं. तोवर भांडी ही आपोआप स्वच्छ होणारी वस्तू आहे असा त्यांचा समज होता.

हे यंत्र मुळात एका बाईच्या डोक्यातलं, हेही भाऊजींनीच सांगितलं. अमेरिकेतल्या जोसेफिन कॉक्रेन. नोकरमाणसं ठेवणीतल्या चिनी मातीच्या बशांचे टवके उडवतात म्हणून त्यांनी हे मनावर घेतलं, अशी गोष्ट सांगतात. पुढे नवरा कर्ज ठेवून गेला आणि छंदाचा धंदा करणं भाग पडलं. 1886 मध्ये पेटंट मिळालं, 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात यंत्र गाजलं, गिऱ्हाइकं मात्र मिळाली ती हॉटेलं. "आणि त्याचा आवाज किती होता?" मी विचारलं. भाऊजी गप्प झाले. "नोंद नाही," असं म्हणाले, आणि पुढ्यातला चहा त्यांनी निववला.

यंत्र घरी आलं तेव्हा ते जागेत बसेना. उंची साडेचौऱ्याऐंशी सेंटिमीटर. वरचं झाकण काढलं तरी 82 च्या आसपास. आमचा ओटा सासूबाईंच्या उंचीला बेतलेला, वर ग्रॅनाइट, खाली कडप्पा, मधली जागा 76. उरली ड्राय बाल्कनी. तिथे नळ आहे, मोरी आहे, सोळा अँपिअरचा सॉकेट आहे आणि भिंतीपलीकडे आमची झोपायची खोली आहे. भाऊजींच्या डोळ्यांत चमक आली. आता डेसिबल हा निव्वळ चर्चेचा विषय राहिला नव्हता.

जोडणी करायला आलेल्या तरुणानं दोन नळ्या जोडल्या, "बाकी व्हिडिओत आहे, मॅडम," म्हणाला आणि गेला. भाऊजींनी पिशवीतून लेव्हल-बाटली, टेप आणि पाना काढला. आमचा सगळ्यांत वरचा मजला. गच्चीवरची टाकी नळापासून जेमतेम 5 मीटर वर. "म्हणजे दाब अर्धा बार. काठावर पास." सांडपाण्याची नळी त्या तरुणानं सरळ मोरीत लोळवली होती. ती आधी वर उचलून, कमान करून मग खाली सोडावी लागते, नाहीतर पाणी आपोआप ओढलं जातं किंवा घाण उलटी आत येते. टँकरच्या पाण्याचा जडपणा पट्टी बुडवून पाहिला गेला. तो चुना अडवणारा एक भाग यंत्रात असतो आणि तो ताजा ठेवायला मीठ घालावं लागतं. रोजच्या स्वयंपाकातलं नाही, वेगळं, जाडं. भाऊजी ते भसाभस ओतत असताना सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "भांड्यांना किलोभर मीठ," त्या म्हणाल्या, "आणि माझं बीपीच्या नावाखाली बंद."

रात्री दहाला चाचणी. दहाला, कारण कायद्यानं रात्र तेव्हा सुरू होते. दिवे, पंखे, टीव्ही बंद. "कुणी श्वास घेऊ नका," असं बजावून भाऊजींनी, तापाच्या पोराच्या काखेत थर्मामीटर धरावा तसा, मोबाइल यंत्रापाशी धरला.

आकडा आला 51.

पत्रकात 44 होते. घरचं कुणी गेल्यासारखी शांतता पसरली. मग ती मोडली, कारण आतून ठराविक अंतरानं 'टण्' येत होतं. भाऊजींनी यंत्र थांबवलं, वाफेनं चष्मा भरला तो पुसला, आणि खालची जाळी बाहेर ओढली. डावाचा दांडा जाळीतून खाली उतरला होता. खालचा फवाऱ्याचा पंखा दर फेरीला त्याला टोला देत होता. डाव कुणी लावला याची चौकशी निघायच्या आत मी तो आडवा केला. वरच्या जाळीतली एक हलकी वाटी पाण्याच्या जोरानं उताणी होऊन काठोकाठ भरली होती. तिला दोन फुलपात्र्यांच्या मधे दाटीनं बसवलं. पुन्हा सुरू. 47. भाऊजी फरशीवर चक्क आडवे झाले. वय 68, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. मागच्या बाजूला हात घालून त्यांनी भिंतीला टेकलेली नळी दोन बोटं पुढे ओढली, डावा पाय पान्यानं अर्धा आटा वर घेतला आणि तसेच पडून राहिले.

"किती?" नवऱ्यानं विचारलं.

"43," खालून आवाज आला. पत्रकापेक्षा एक कमी. ते उठले तेव्हा सदरा पाठीवर पूर्ण भिजलेला होता, आणि त्या माणसाचा मला राग येत नव्हता. ही गोष्ट मला त्या वेळी गैरसोयीची वाटली.

त्यांना गरम भात वाढला. वन्सं लेकीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला गेल्यापासून भाऊजींची आमच्याकडची तपासणी रात्रीच्या जेवणाच्या सुमाराला निघते, हे आम्ही सगळे जाणून आहोत. कुणी बोलत नाही.

माझ्या मनात बरेच दिवस एक खोचक प्रश्न होता. यंत्राच्या आवाजाची एवढी काळजी करणाऱ्या या गृहस्थानं, घरात चाळीस वर्षं बायको भांडी घासत होती, तो आवाज कधी ऐकला होता का? मी विचारलंच. "भाऊजी, वन्सं भांडी घासायच्या तेव्हा किती व्हायचं हो?"

ते चपापतील असं मला वाटलं होतं. त्यांनी घास खाली ठेवला नाही की वही उघडली नाही. "एरवी 62. माहेरचं कुणी येणार असलं की 58. माझं काही चुकलेलं असलं की 75 च्या वर. काय चुकलं ते कळायचं नाही, पण चुकलंय हे दरवाजातच कळायचं. मग मी भाजी आणायला जायचो."

"आणि आता?"

"आता 31." भातावर ताक घेत ते म्हणाले. "फ्रीज धरून."

तेवढ्यात वन्संचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे दुपार होती. लेकीच्या घरात यंत्र घराबरोबरच आलेलं आहे. त्यात एका बाजूला रिकामे डबे असतात, आणि दुसऱ्या बाजूला वन्संनी हातानं घासलेली भांडी निथळत असतात. तिकडच्या बहुतेक आपल्या घरांत म्हणे हीच रीत. वन्संनी फोन कशाला तरी टेकवून ठेवला होता आणि बोलता बोलता त्या पातेलं घासत होत्या. भाऊजींनी आपला मोबाइल माझ्या मोबाइलच्या स्पीकरपाशी नेला.

"74," ते हलकेच मला म्हणाले. "जावयानं काहीतरी केलंय."

वन्सं थांबल्या. "अगं बाई, ह्यांना कुणी सांगितलं?" आणि मग पाच मिनिटं जावयाचंच चाललं. भाऊजी ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं, ते 43 आले तेव्हाही नव्हतं.

शेवटी वन्सं माझ्याकडे वळल्या. "यंत्र चांगलं आहे ना? आमच्याकडेही घ्यायचं म्हणतायत. पंधरा रकान्यांचा तक्ता पाठवलाय मला. तूच सांग, त्यातलं सगळ्यांत जास्त आवाज करणारं कुठलं? ते चालू असताना मला ह्यांचं बोलणं ऐकू येता कामा नये."

मी हसले. नवरा हसला. भाऊजी हसले नाहीत. त्यांनी खरकटा हात बाजूला धरून डाव्या हातानं वही ओढली. "माझं बोलणं सरासरी 60," ते म्हणाले. "ते बुडवायचं तर किमान 66 चं लागेल. असं यंत्र हल्ली कुणी करत नाही, पण जुनं मिळतं का बघतो."

आणि सोळावा रकाना आखायला त्यांनी पट्टी मागितली.